अमेरिकेतल्या पब्लिक स्कूल, स्पेशल एज्युकेशन आणि पालकांची ऐपत

नंदिनी_व

मी अमेरिकेत पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत, स्पेशल एज्युकेशन (दिव्यांग आणि शिकायला अडचण असलेल्या मुलांसाठीचं शिक्षण) शिकवते. आधी एका सधन उपनगरातल्या डिस्ट्रिक्टमध्ये (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) होते, आता त्याच राज्यातल्या एका गरीब शहरात आहे. कायदा दोन्हीकडे तोच, आयईपीचा, म्हणजे त्या मुलापुरत्या आखलेल्या लेखी शिक्षण आराखड्याचा, फॉर्म तोच, अगदी सॉफ्टवेअरसुद्धा तेच. तरी सारखीच अडचण असलेल्या दोन मुलांच्या पदरात जे पडतं त्यात इतकी तफावत आहे की आता गप्प बसवत नाही.

उपनगरातल्या शाळेत आयईपीची मीटिंग दीड-दोन तास चालायची. आई-वडील दोघं येत. बाहेरच्या न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून करून घेतलेला जाडजूड रिपोर्ट आधीच ईमेलने आलेला असे. बऱ्याचदा सोबत फी देऊन आणलेली अ‍ॅडव्होकेट (पालकांची बाजू मांडणारी जाणकार) असे आणि ती एकेक मुद्दा काढी. वाचनातली प्रगती कशाने मोजणार? आठवड्याला किती मिनिटं खास शिकवणार? गटात किती मुलं? शिकवणाऱ्या बाईंचं त्या पद्धतीचं प्रशिक्षण झालंय का? सगळे प्रश्न रास्त. प्रत्येक मुलासाठी कुणीतरी ते विचारायलाच हवेत.

आताच्या शाळेत आई कामाच्या मधल्या सुट्टीत फोनवरून मीटिंगला हजर राहते. दुभाषा ठरलेला असूनही कधी कधी येत नाही, मग आठवीतली थोरली बहीण आईला समजेल तसं सांगते. मूल दुसरीत, अजून अक्षरं जुळत नाहीत, आणि आई विचारते ते एवढंच, 'वर्गात त्रास तर देत नाही ना?' सही होते, मीटिंग संपते. त्या कागदावर किती मिनिटं लिहायची हे मुलाच्या गरजेपेक्षा आमच्याकडे माणसं किती आहेत यावर ठरतं. स्पीच थेरपिस्ट अनेक शाळांत वाटून घेतलेली. वर्षाच्या मध्यावर शिक्षक सोडून गेले की आणीबाणीच्या परवान्यावर, म्हणजे पूर्ण प्रशिक्षण झालेलं नसताना, कुणीतरी येतं. त्यांची तळमळ खोटी नसते, पण डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अक्षमता) असलेल्या मुलाला वाचायला शिकवणं हे शिकून घ्यावं लागतं.

१९७५ च्या आधी अनेक राज्यांत शाळा दिव्यांग मुलांना सरळ परत पाठवत आणि ते कायदेशीर होतं. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्याने ते बंद झालं. १९९० पासून तोच कायदा 'आयडिया' या नावाने ओळखला जातो. आज सुमारे ७५ लाख मुलं, म्हणजे पब्लिक स्कूलमधली साधारण १५ टक्के, त्याच्याखाली शिकतात. हा कायदा नसता तर माझे बरेचसे विद्यार्थी घरीच बसले असते, हे मी रोज आठवते.

पण या कायद्याने हक्क मुलाला दिला आणि तो बजावून घेण्याचं काम आई-वडिलांवर टाकलं. राज्य सरकार कागदपत्रं आणि मुदती तपासतं. अमुक मुलाला पुरेसं मिळतंय का, हे पाहायला सहसा कुणी येत नाही. पालकाने हरकत घेतली तरच चाक हलतं. हरकत घ्यायला वेळ लागतो, इंग्रजी लागतं, वकील लागतो, निदान आपल्याला हरकत घेता येते एवढी माहिती तरी लागते. म्हणून माझं ठाम मत असं की इथली विषमता कुणा एका निष्ठुर मुख्याध्यापकामुळे आलेली नाही, ती अंमलबजावणीच्या रचनेतच आहे.

तुमच्यापैकी जे पालक आहेत, शाळांत काम करतात, त्यांनी आपापलं लिहावं. दुसरी बाजू असेल तर तीही.


कातरवेळ

नंदिनीताई, पटलं, पण टोचलंही. त्या जाडजूड रिपोर्टवाल्या पालकांत मी येतो. मुलगा ऑटिस्टिक आहे. गणितात हुशार, म्हणून शाळेचं म्हणणं, 'मार्क चांगले आहेत, त्याला काही लागत नाही.' मधल्या सुट्टीत तो भिंतीला टेकून कान दाबून उभा असायचा, ते मार्कांत कुठे दिसणार? आम्ही बाहेरून इव्हॅल्युएशन, म्हणजे तज्ज्ञांकडून मुलाची तपासणी, करून घेतलं. काही हजार डॉलर, इन्शुरन्सने एक पैसा दिला नाही. त्या रिपोर्टनंतर मात्र शाळेची भाषा बदलली.

आम्ही कुणाचं हिसकावून घेतलं असं मला वाटत नाही. उलट, भांडणाऱ्या पालकांमुळेच इतरांचे हक्क रुंदावतात. कोलोरॅडोच्या एन्ड्रू एफ. खटल्यात डिस्ट्रिक्टचं म्हणणं होतं की मुलाची नावापुरती प्रगती झाली तरी पुरे. त्या आई-वडिलांनी २०१० मध्ये मुलाला खासगी शाळेत घातलं, तिथे तो सुधारला, आणि ते लढत राहिले. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की नावापुरतं चालणार नाही, त्या मुलाच्या परिस्थितीत योग्य ठरेल इतकी प्रगती साधण्यासाठीच आयईपी आखला पाहिजे. हा निकाल गरीब मुलालाही लागू आहे.


नंदिनी_व

> आम्ही कुणाचं हिसकावून घेतलं असं मला वाटत नाही.

नाहीच घेतलंत. तुमच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, आणि माझ्या शाळेतल्या आयांनाही हे करता यावं अशी माझी तळमळ आहे.

पण एन्ड्रूच्या निकालाची दुसरी बाजू पाहा. आधी खासगी शाळेची फी स्वतः भरायची आणि मग डिस्ट्रिक्टकडून परत मागायची, हा मार्ग १९८५ च्या बर्लिंग्टन निकालाने खुला केला. न्यूयॉर्क शहर अशा दाव्यांवर दरवर्षी शेकडो दशलक्ष डॉलर खर्च करतं. मात्र पुष्कळदा फी आधी भरता येणं हीच पहिली पायरी ठरते. महिन्याचं घरभाडं जेमतेम निघतंय त्या आईला हा हक्क वापरता येतो असं कोण म्हणेल?

आणि २००५ च्या शेफर विरुद्ध वीस्ट या निकालाने आणखी भर घातली. सुनावणी मागणाऱ्यावरच पुराव्याचा भार. सुनावणी बहुतेक वेळा पालकच मागतात, म्हणजे 'आयईपी अपुरा आहे' हे आईने सिद्ध करायचं, तेही ज्यांच्याकडे सगळ्या नोंदी आणि सगळे तज्ज्ञ आहेत त्यांच्यासमोर. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, कोर्टाने ठरवलं की पालक जिंकले तरी त्यांनी आणलेल्या तज्ज्ञाची फी परत मिळणार नाही. वकिलाची मिळू शकते, तज्ज्ञाची नाही. न्यूयॉर्कने २००७ मध्ये आणि न्यू जर्सीने २००८ मध्ये आपापल्या राज्यापुरता पुराव्याचा भार डिस्ट्रिक्टवर परत टाकला. ज्या राज्यांनी हे अजून केलेलं नाही, त्यांनी ते का करू नये?


दप्तरदार

अंमलबजावणीचा मुद्दा बरोबर आहे, पण मुळात पैसा असमान आहे हे आधी मांडायला हवं. इथल्या शाळांचा मोठा खर्च स्थानिक प्रॉपर्टी टॅक्सवर चालतो. ज्या गावात घरं महाग, त्या गावची शाळा श्रीमंत.

टेक्सासमधला रॉड्रिग्ज खटला यासाठी वाचावा. सान अँटोनियोच्या परिसरातले दोन डिस्ट्रिक्ट. एजवुड गरीब, बहुतांश मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांचा, आणि अलामो हाइट्स सधन. १९६७-६८ चे आकडे कोर्टाच्या निकालातच आहेत. एजवुडचे रहिवासी दर १०० डॉलरच्या मालमत्तेमागे १.०५ डॉलर कर भरत होते, अलामो हाइट्सचे फक्त ८५ सेंट. कर जास्त भरूनही राज्याच्या योजनेतला आपला वाटा देऊन झाल्यावर एजवुडला स्थानिक करातून मुलामागे २६ डॉलर उरले आणि अलामो हाइट्सला ३३३. राज्याचे आणि केंद्राचे पैसे धरून एकूण ३५६ विरुद्ध ५९४. डिमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी हरले. कोर्टाच्या मते शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. तेव्हापासून ही लढाई राज्याराज्यांच्या कोर्टांत चालू आहे. काही ठिकाणी यश आलं. न्यू जर्सीत अ‍ॅबट खटल्यांमुळे गरीब डिस्ट्रिक्टना जास्त निधी मिळाला आणि १९९८ च्या आदेशाने तिथे तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी चांगल्या बालवाड्या सुरू झाल्या.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. १९७३ मध्ये कोर्ट म्हणालं की डिस्ट्रिक्टमधली पैशांची विषमता घटनाबाह्य नाही. १९७५ मध्ये काँग्रेस, म्हणजे इथली संसद, म्हणाली की प्रत्येक दिव्यांग मुलाला योग्य शिक्षण द्या. म्हणजे जबाबदारी सगळ्यांवर सारखी आणि तिजोऱ्या वेगवेगळ्या. तेव्हा काँग्रेसने देशातल्या मुलामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलण्याचं आश्वासन दिलं होतं. तिथवर ते कधीच पोचलं नाही. अलीकडच्या वर्षांत हा वाटा १५ टक्क्यांच्याही खाली आहे. उरलेलं राज्याने आणि गावाने भरायचं. सधन गाव भरतं. गरीब गाव कुठून भरणार?

राज्यांची सूत्रंही पाहा. कॅलिफोर्नियाने १९९७ च्या कायद्याने स्पेशल एज्युकेशनचा निधी एकूण विद्यार्थीसंख्येवर वाटायला सुरुवात केली, दिव्यांग मुलं किती हे न पाहता. हेतू चांगला होता. पैशासाठी मुलांवर शिक्के मारले जाऊ नयेत. पण त्यामागे गृहीत असं की दिव्यांग मुलांचं प्रमाण सगळीकडे सारखंच असतं. ते सारखं नसतं.


रोखठोक

मी जरा उलट बोलतो. पैसा कुठेच अमर्याद नाही. एका मुलाला डिस्ट्रिक्टच्या पैशाने खासगी शाळेत ठेवायला जेवढा खर्च येतो तेवढ्यात एक शिक्षक नेमता येतो आणि तो वर्गभर मुलांना उपयोगी पडतो. गरीब डिस्ट्रिक्टमध्ये सगळीच मुलं मागे आहेत. तिथे एका गटाला कायद्याचं कवच आणि बाकीच्यांना काहीच नाही, हाही अन्यायच. माझी मुलगी साध्या वर्गात आहे. तिच्या वर्गात ३० मुलं आहेत आणि तिच्यासाठी मीटिंग मागायचा कुठलाही कायदा नाही.


दप्तरदार

रोखठोक, तुमच्या मुलीच्या वर्गात ३० मुलं असणं चूकच आहे. पण त्याचा हिशेब दिव्यांग मुलांकडून वसूल करायचा नाही, हे कोर्टाने १९७२ मध्येच सांगितलंय. वॉशिंग्टन डीसीचा मिल्स खटला. शाळेबाहेर ठेवलेली सात मुलं, बहुतेक गरीब कृष्णवर्णीय घरांतली. बोर्डाने सांगितलं, पैसे नाहीत. न्यायाधीश वॅडी यांनी निर्णय दिला की पैसे कमी असतील तर जे आहेत ते असे वाटा की कुठलंही मूल पूर्णपणे वगळलं जाणार नाही, आणि टंचाईची झळ दिव्यांग मुलांना इतरांपेक्षा जास्त बसता कामा नये.

मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की १९७५ च्या कायद्याचा पाया घालणाऱ्या खटल्यांत अशी मुलं होती. आज तो कायदा अशाच घरांना सर्वांत कमी उपयोगी पडावा, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.


शाल्मली_क

मी स्कूल सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणजे चाचण्या घेऊन मूल पात्र आहे की नाही हे ठरवणाऱ्या टीममध्ये असते. चर्चा 'कमी मिळतं' याभोवती फिरते आहे. त्यात 'चुकीचं मिळतं' हेही धरायला हवं.

सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात 'शिकवता येण्याजोगे मतिमंद' म्हणून वेगळे वर्ग असत. राज्यात कृष्णवर्णीय विद्यार्थी साधारण दहा टक्के आणि त्या वर्गांत जवळजवळ चौथा हिस्सा. लॅरी पी. खटल्यात १९७९ मध्ये कोर्टाने ठरवलं की ज्या बुद्ध्यंक चाचण्यांवर मुलांना तिथे पाठवलं जात होतं त्या त्यांच्याविरुद्ध झुकलेल्या आहेत. त्या वर्गांत गेलेलं मूल सहसा मुख्य वर्गात परत येत नसे. आजही भावनिक विकार आणि बौद्धिक अक्षमता या शिक्क्यांखाली कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण जास्त दिसतं.

याच्या बरोबर उलट टोकाची गोष्ट टेक्सासची. २००४ मध्ये राज्याने डिस्ट्रिक्टच्या मूल्यमापनात ८.५ टक्के असा निकष घातला. त्याहून जास्त मुलं स्पेशल एज्युकेशनमध्ये असतील तर गुण कमी. राज्यातलं प्रमाण आधी सुमारे १२ टक्के होतं, ते वर्षागणिक घसरत बरोबर साडेआठवर आलं. मुलांच्या अडचणी तेवढ्याच होत्या, घटला तो फक्त होकार. २०१६ मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकलने हे उघडकीला आणलं आणि २०१८ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने राज्याने कायदा मोडल्याचा निष्कर्ष काढला. त्या बारा-तेरा वर्षांत ज्यांची ऐपत होती ते खासगी थेरपीकडे किंवा खासगी शाळेकडे वळू शकले. बाकीची मुलं तशीच पुढच्या वर्गात ढकलली गेली. आता ती तरुण आहेत. त्यांना ती वर्षं परत देता येत नाहीत.

म्हणून जास्त नोंद होते की कमी, या वादात मी एक बाजू घेत नाही. अभ्यासकांतही यावर जोरदार मतभेद आहेत. माझ्या कामात मला जे दिसतं ते सांगते. एकच वागणं, म्हणजे खुर्चीत स्थिर न बसणं, सांगितलेलं न ऐकणं, सधन शाळेत 'एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) असेल का?' या प्रश्नाकडे जातं आणि गरीब शाळेत निलंबनाकडे. सधन शाळेतलं मूल पुढे ५०४ प्लॅन (दिव्यांग मुलाला शाळेत द्यायच्या सवलतींची योजना) घेऊन परीक्षेत जादा वेळ मिळवतं. गरीब शाळेतलं मूल तोवर किती दिवस घरी बसवलं गेलं याची नोंद घेऊन माझ्यासमोर येतं. एकाच शैक्षणिक वर्षात निलंबनाचे दहापेक्षा जास्त दिवस होऊन त्याला जागाबदलाचं (म्हणजे मुलाला त्याच्या ठरलेल्या वर्गातून किंवा शाळेतून हलवण्याचं) रूप आलं, तर ते वर्तन मुलाच्या अक्षमतेतूनच आलंय का हे तपासणं शाळेवर बंधनकारक आहे. पण हे संरक्षण आधी नोंद झालेल्या, किंवा शाळेला आधीच शंका यायला हवी होती अशा मुलांनाच मिळतं.

दप्तरदार म्हणाले की प्रमाण सगळीकडे सारखं नसतं, त्याचं कारणही सांगायला हवं. गरिबीमुळे काही अक्षमता प्रत्यक्ष निर्माण होतात. जुन्या घरांतला शिशाचा रंग, शिशाचे पाण्याचे नळ, वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मणं. मिशिगनमधल्या फ्लिंटमध्ये २०१४ ला पाण्याचा स्रोत बदलला आणि मुलांच्या पोटात शिसं गेलं. शिशामुळे लक्ष, भाषा, वर्तन सगळ्यावर परिणाम होतो. तिथल्या पालकांना २०१६ मध्ये मुलांच्या तपासणीसाठी आणि स्पेशल एज्युकेशनसाठी वेगळा दावा लावावा लागला. २०१८ च्या समझोत्यातून निदान तपासणीची सोय झाली. ज्या शहराची तिजोरी रिकामी, त्याच शहरात गरज वाढलेली.


कातरवेळ

शाल्मलीताई, टेक्सासचं वाचून सुन्न झालो. खासगी इव्हॅल्युएशनबद्दल विचारतो. ते परवडत नसेल तर पालकाने काय करायचं? आमच्या ओळखीत आता दोन-तीन कुटुंबं आहेत ज्यांना मी फक्त 'बाहेरून करून घ्या' एवढंच सांगू शकलो आणि ते त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.


नवखा_बाबा

मीही हेच विचारणार होतो. आम्ही इथे नवीन आहोत. मी गोदामात रात्रपाळी करतो, बायकोला अजून काम करायची परवानगी नाही. मुलगी दुसरीत आहे. घरी मराठीत गोष्टी छान सांगते, पण वाचायला बसली की रडते. मराठी वाचतानाही तसंच. टीचर म्हणतात, दुसरी भाषा आहे म्हणून वेळ लागेल, तिसरीपर्यंत थांबा, सध्या छोट्या गटात शिकवतोय. गटात घालून बरेच महिने झाले. मी फोनवर दोनदा बोललो. 'बघू' म्हणाले. जास्त मागे लागलो तर व्हिसाला काही अडचण येईल का, अशी बायकोला भीती वाटते.


शाल्मली_क

नवखा_बाबा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. दोन्ही भाषांत वाचताना अडतंय ही माहिती मोलाची आहे. नुसता इंग्रजी नवी असल्याचा प्रश्न असता तर मराठीत असं सहसा झालं नसतं (अर्थात मराठी तिला नीट शिकवलेली असेल तर). हे शाळेला जसंच्या तसं सांगा.

फोन पुरेसा नाही, लेखी द्या. 'माझ्या मुलीचं स्पेशल एज्युकेशनसाठी पूर्ण इव्हॅल्युएशन करावं अशी माझी विनंती आहे' हे एक वाक्य, तिला काय जमत नाही ते चार ओळींत, तारीख, सही. मुख्याध्यापक आणि डिस्ट्रिक्टचा स्पेशल एज्युकेशन विभाग, दोघांना ईमेल करा. यानंतर शाळेला दोनच गोष्टी करता येतात. एक तर तुमची लेखी संमती मागून चाचण्या सुरू करायच्या, नाहीतर नकार का देतोय हे कारणांसह लेखी कळवायचं. संमती दिल्यापासून ६० दिवसांत चाचण्या पूर्ण व्हायला हव्यात. काही राज्यांनी आपली वेगळी मुदत ठेवली आहे, ती बघून घ्या. छोट्या गटातलं शिकवणं चालू आहे एवढ्या कारणावरून इव्हॅल्युएशन लांबवता येत नाही. केंद्रीय शिक्षण खात्याने २०११ मध्ये राज्यांना हे स्पष्ट कळवलेलं आहे. आणि चाचण्या मुलीला समजतील अशा भाषेत, जमेल तिथे मराठीतूनही, घ्यायला हव्यात.

कातरवेळ, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. शाळेने केलेलं इव्हॅल्युएशन पटलं नाही तर पालकाला डिस्ट्रिक्टच्या खर्चाने बाहेरचं स्वतंत्र इव्हॅल्युएशन मागता येतं. डिस्ट्रिक्टने एक तर खर्च द्यायचा, नाहीतर आपलं इव्हॅल्युएशन योग्य होतं हे सुनावणीत स्वतः सिद्ध करायचं. इथे भार त्यांच्यावर असतो. माझ्या अनुभवात गरीब शाळांतले पालक हा हक्क जवळजवळ कधीच वापरत नाहीत, कारण त्याची माहिती बारीक अक्षरातल्या हक्कांच्या पुस्तिकेत दडलेली असते.


नंदिनी_व

व्हिसाचं मी सांगते, कारण माझ्या शाळेतल्या निम्म्या आयांच्या मनात हीच भीती असते. सुप्रीम कोर्टाच्या १९८२ च्या प्लायलर निकालानुसार कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही पब्लिक स्कूलचा हक्क आहे. तुमच्याकडे तर व्हिसा आहे. इव्हॅल्युएशन मागितल्याने तो धोक्यात येत नाही, वहिनींना निश्चिंत राहायला सांगा. मीटिंगमध्ये दुभाषा हवा असेल तर मराठीचा मागा. पालकाला समजेल अशी व्यवस्था करणं शाळेवर बंधनकारक आहे, त्याचे पैसे तुम्ही द्यायचे नसतात. मुलीला किंवा शेजाऱ्यांना ते काम करू देऊ नका.

शाळेने उत्तरच दिलं नाही तर लगेच वकिलाकडे धावू नका. राज्याच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही, घटना गेल्या वर्षभरातली असावी, आणि विभागाने साधारण ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. शिवाय प्रत्येक राज्यात केंद्राच्या पैशाने चालणारं निदान एक पालक प्रशिक्षण आणि माहिती केंद्र असतं. तिथली माणसं पुष्कळदा स्वतः दिव्यांग मुलांचे पालक असतात. ते पत्र लिहायला मदत करतात, काही ठिकाणी मीटिंगलाही येतात. सगळं मोफत. तुमच्या राज्याचं नाव मला खाजगीत कळवा, मी तिथला पत्ता शोधून देते.

एक सावधगिरीची गोष्ट. कुणी व्हाउचर (खासगी शाळेच्या फीसाठी मिळणारा सरकारी पैसा) घेऊन खासगी शाळेत जा असा सल्ला दिला तर अटी नीट वाचा. पालकांनी स्वतःहून खासगी शाळेत घातलेल्या मुलाला आयईपीचा वैयक्तिक हक्क राहत नाही. सधन कुटुंब ते सोसू शकतं, कारण न मिळालेली थेरपी ते विकत घेतात.


रोखठोक

माझ्या मुलीच्या वर्गाबद्दल मी लिहिलं ते अजूनही मला योग्य वाटतं. पण तिसरीपर्यंत थांबा हे उत्तर मलाही मान्य नाही. नवखा_बाबा, पत्र इंग्रजीत लिहायला मदत हवी असेल तर मी करतो. ऑफिसात दिवसभर तेच काम आहे.


नवखा_बाबा

सगळ्यांचे आभार. रोखठोक, तुम्हाला निरोप पाठवलाय. मुलीच्या मराठी आणि इंग्रजी वाचनाचं फोनवर रेकॉर्डिंग केलं तर पत्रासोबत जोडू का?


शाल्मली_क

जोडा, आणि तिच्या वह्यांच्या दोन-तीन पानांचे फोटोही. रेकॉर्डिंगच्या आधी तिला विचारा आणि दोन मिनिटांपेक्षा जास्त वाचायला लावू नका. ईमेल रात्रपाळीवरून आल्यावर सकाळी पाठवलात तरी चालेल, फक्त त्याची प्रत जपून ठेवा. संमतीचा कागद आला की सही करण्याआधी त्यात वाचन, भाषा आणि स्मरण या तिन्ही चाचण्या लिहिल्या आहेत का ते पाहा. नसतील तर त्या घालायला सांगून मगच सही करा.